तिसऱ्या घंटेचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा नाटके आणि मैदानावरचे मोठे कार्यक्रम उभे करणे, आज भर दुपारी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही माझा हात धरून लिहून घेत नसताना हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो पटणार नाही, पण त्याला गेल्या चाळीस वर्षांत माझे काहीच पटलेले नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागात केली होती. हेही रागातच करते आहे, फक्त या वेळी राग कोणावर आहे ते मला नीट ठाऊक आहे.

१. राहते घर, म्हणजे कार्यशाळेच्या वरच्या तीन खोल्या, आमच्या कपडेपटवाल्या ताई हयात असेपर्यंत त्यांच्याकडे राहील, त्यानंतर माझ्या मुलीकडे जाईल. ताईंनी एकतीस वर्षे माझी बडबड ऐकली आहे. खिडकीची कडी नीट बसत नाही हे त्यांनी मला हजारदा सांगितले. आता ती त्यांनीच बसवून घ्यावी.

२. दोर, कप्प्या, पान्यांच्या दोन्ही पेट्या आणि लोखंडी शिडी आमच्या क्रेनवाल्याला. अट एकच, पाने वापरून झाले की जागेवर ठेवायचे. तो ही अट पाळणार नाही, तरी लिहून ठेवते.

३. कंपनीला मिळालेली सर्व स्मृतिचिन्हे, लहानमोठी मिळून एकशे चौदा, काचेच्या कपाटासकट माझ्या धाकट्या भावाला. ती घ्यायला मंचावर दर वेळी तोच गेला होता. मी तेव्हा जनरेटरपाशी असायची. त्यांवरची धूळही त्यानेच पुसावी.

४. कंपनीची मालकी. हिची वाटणी सांगण्याआधी थोडे मागचे सांगणे भाग आहे, वकीलसाहेब कितीही घड्याळाकडे बघोत.

एकोणिसाव्या वर्षी मी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवत होते. पुढे नेपथ्याच्या ट्रकची जबाबदारी माझ्या अंगावर पडली, मग दौऱ्याची आखणी, मग अख्खे नाटक, आणि पन्नाशीच्या आत मी वीस-वीस हजार लोकांचे मैदान उभे करू लागले. या धंद्यात काम चोख झाले की ते कोणाला दिसतच नाही. छत डोक्यावर राहिले म्हणून कोणी टाळ्या वाजवल्याचे मला आठवत नाही. दहा मिनिटे उशीर झाला की मात्र लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

नाटकातली एक रीत मी मैदानावरही सोडली नाही. पितळी घंटा मायक्रोफोनपाशी धरून तीन वेळा द्यायची. पहिल्या दोन कोणीही द्याव्यात. तिसरी मात्र त्यानेच द्यायची, ज्याने त्या दिवशी छत, वायरी, दारे, सगळे स्वतः फिरून पाहिले आहे. त्याने दिली नाही तर कार्यक्रम नाही. मालक येऊन पाया पडला तरी नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती घंटा भावाने आपल्याकडे घेतली. आजवर त्याने ती एकदाही रोखलेली नाही, आणि हे तो छाती फुगवून सांगतो. ते ऐकले की मला घाम फुटतो.

म्हणून : कंपनीतला माझा साठ टक्के हिस्सा माझ्या मुलीला. बाकीचा चाळीस टक्के भावाचा आहेच, तो त्याला लखलाभ. तिसरी घंटा देण्याचा आणि न देण्याचा हक्क एकट्या मुलीचा राहील. भावाने त्यात तोंड घालू नये.

५. भाऊ विचारेल, जी पोरगी नऊ वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेली तिलाच का? प्रश्न रास्त आहे. ती हल्ली एका माल-गोदामात गाड्या कधी भरायच्या, कधी सुटायच्या याचे वेळापत्रक आखते. चोख आखते, मी चौकशी केली आहे. महिन्यातून एकदा माझ्याकडे येते, फळे आणते, गुडघ्याची विचारपूस करते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघीही चकार शब्द काढत नाही.

६. तो दिवस. बावीस हजार लोक येऊन बसले होते, दोन घंटा झाल्या होत्या. मुलगी यंत्रणेच्या टेबलाशी, मी मंचामागे, आणि चाळीस माणसांच्या कानात एकच हेडफोनची लाइन. वरून क्रेनवाला म्हणाला, "बाई, माझी टोपी उडाली."

"आई, वाऱ्याचं मीटर मर्यादेच्या खूप आत आहे," मुलगी म्हणाली. "लोक खोळंबलेत. घंटा दे."

"नाही देत."

"पण का? कारण तरी सांग!"

"तुला आकडे वाचता येत नाहीत, हे कारण. ठेव तो हेडफोन खाली आणि नीघ तिथून."

चाळीस जणांनी ऐकले. मी मंचावरचे छत उतरवायला लावले, बावीस हजार लोकांना घरी पाठवले. अर्ध्या तासात वारा पडला. संध्याकाळभर झाडाचे पान हलले नाही. भाऊ आजही मला 'वादळबाई' म्हणतो.

खरे असे आहे. वाऱ्याचे मीटर छताच्या टोकाला लावायचे असते. त्या सकाळी वायर कमी पडली, म्हणून मी स्वतः ते खाली, टेबलामागच्या बुटक्या खांबाला बांधले. लांब वायर आली की वर चढवू म्हटले आणि साफ विसरले. टोपी उडाली हे ऐकताच मला ते आठवले. मुलीने आकडा अगदी बरोबर वाचला होता. मीटर चुकीच्या जागी होते, आणि ते मी तिथे ठेवले होते. घंटा रोखली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण हाताखालच्या चाळीस माणसांसमोर "मी चुकले" म्हणायला जीभ रेटेना, आणि तिचे नाक कापून मी माझे वाचवले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटले, मग पुढच्या आठवड्यात. नऊ वर्षे गेली. त्या पोरीने या कामावर जीव टाकला होता, आणि तिला आजही वाटते की तिला आकडे वाचता येत नाहीत.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर मुलीला सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे.

७. वरील कलम सहा मी लिहून झाल्यावर ताईंना वाचून दाखवले. त्या बटणे लावत बसल्या होत्या.

"आणि हे तिला कळणार कधी?" त्यांनी विचारले.

"मी गेल्यावर."

"म्हणजे पुन्हा तेच. तेव्हाही कारण न सांगता सगळ्यांना घरी पाठवलंस, आता स्वतःही तशीच जाणार."

मी त्यांना तोंड आवरायला सांगितले. त्यांनी आवरले नाही. "तुला सांगायचंच नाहीये," त्या म्हणाल्या, "तुला फक्त सुटायचंय." मी कागद पुन्हा पुढे ओढला.

सबब कलम सहा रद्द. वकीलसाहेबांनी त्यावर आडवी रेघ मारावी. ते वाचून दाखवायची गरज पडणार नाही. बाकी सर्व कलमे कायम आहेत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, समजून घेतला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. ताईंना साक्षीदार होता आले नाही, कारण त्यांना घर मिळते असे वकीलसाहेब म्हणतात.

सही : (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १ : आमचे डॉक्टर
साक्षीदार २ : शेजारचे छापखानेवाले

स्थळ : कंपनीची कार्यशाळा, कपडेपटाचे टेबल
दिनांक : ११ मार्च, बुधवार
वेळ : दुपारी पावणेचार. शाई वाळेपर्यंत थांबत नाही. मुलीचे गोदाम साडेपाचला सुटते, आणि तिथली चाळीसएक माणसे तेव्हा फाटकापाशी असतात.