आठवा आवाज

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझी कंबर कशी आहे?

फोनवर सांगितलं तर तू हसलीस, म्हणून लिहिते. हे पत्र तुझ्या बारकीच्या शाळेत ने आणि तिच्या बाईंना दाखव.

इथे दरीच्या कठड्याशी पाटी आहे, हाक मारली की आवाज सात वेळा परत येतो. ते खरं आहे, मी मोजलंय. पण आमचा गाईड गंमत म्हणून सांगतो, "पुढे वाकलात तर आठवाही ऐकू येईल." आठवा बिठवा काही नाही. तरी मोठी माणसं पोट टेकवून वाकतात. पोरं तर दांडीवर चढतात.

ती जागा रोज मीच झाडते. काल केर भरताना कठड्याचा बोल्ट सापडला, आज आणखी दोन. मॅनेजरला दाखवले तर म्हणतो, "मावशी, सीझन संपू दे, मग बघू." मी म्हटलं, "तुझी पोरगी उभी कर तिथे, मग संपू दे सीझन." तेव्हापासून बोलत नाही मेला. एक बोल्ट पाकिटात घातलाय, नीट बघ.

शाळेची सहल सोमवारी इथेच येणार ना? बाईंना सांग, तळ्यावर न्या, बागेत न्या, इथे नको. बारकी रुसेल, रुसू दे.



बाईंनी ऐकलं नाही तर सोमवारी सकाळपासून कठड्यापुढे हात पसरून मीच उभी राहणार. कोणालाही पुढे जाऊ देणार नाही. नोकरी गेली तर तुझ्याकडे येईन, अंथरूण काढून ठेव.

तुझी,
अक्का