आधी संचा बंद

अप्पा, तुमच्या लेकीच्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलत नाही. खरं नाही वाटणार तुम्हाला. जन्म यंत्रमागाच्या खात्यात, त्या धडधडीत गेल्यामुळे तुम्ही नुसतं पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं, आणि तुमच्याशी बोलून बोलून माझाही गळा तसाच झाला. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणायच्या, सून आणली का भोंगा? आता तो भोंगा कुजबुजतो. कुकर माळ्यावर टाकलाय, डाळ पातेल्यात शिजते. इथं सुरतेत हजीऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून येतात तेव्हा हे जिन्यातच बूट काढतात.

सगळं पोरीसाठी. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी झालेली ही तुमची नात. कोरोनात तिला नुसता ताप आला आणि उतरलाही. आम्ही सुटलो म्हणून नारळ फोडला. मग काही महिन्यांनी ती जिन्यात मध्येच बसायला लागली. डोकं दुखतं, पाठ केलेलं उडून जातं, भांडं पडलं तरी कानांवर हात ठेवते. एखादा दिवस बरी असते, आम्ही हुरळून शाळेत पाठवतो, आणि पुढचा आठवडा ती अंथरुणात. रिपोर्ट सगळे चांगले. एका डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलांत हा आजार असाच रेंगाळतो, वेळ द्या. वेळ कोण देतं, अप्पा? शाळेतल्या बाई गोड आवाजात आळशी म्हणतात. सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळतात, "पोरले नजर लागेल शे." आणि मी तिला रोज थोडं रेटत होते, रेटलं की सुरळीत होईल म्हणून.

तिच्याएवढी असताना मी तुमचा डबा घेऊन खात्यात यायचे. मागाचे संचे धडधडतायत, तुम्ही लांबून हातानंच सांगताय, डबा तिथं ठेव. तिथं सगळं बोलणं हातवाऱ्यांचं. एकदा चालत्या संच्यावर तुटलेला धागा मला दिसतो आणि मी शहाणपणानं बोट पुढे करते. तुम्ही फाडकन हातावर मारता, बाहेर ओढून नेता. "पहिले संचा बंद कर, मंग धागा सांध." मूठ छातीकडे ओढून दाखवता. ती बंदची खूण. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही.

तेच हातवारे मी तिला शिकवले. आवाज सोसत नाही तेव्हा आम्ही तसंच बोलतो. पाणी, भूक, पडदा ओढ. मागच्या आठवड्यात ती गणवेश घालून दाराशी उभी होती, दप्तर खांद्यावर, चेहरा पांढराफटक. तिनं मूठ छातीकडे ओढली. मी दप्तर उतरवून घेतलं. शाळेला कळवलं, यंदा ती घरी राहील, वर्ष गेलं तर जाऊ दे. ऐकून हे जिन्यात बूट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

काल संध्याकाळी मी कळण्याच्या भाकरी थापत होते. डाळ उतू चाललेली, सासूबाईंची हाक, पोरीचं औषध राहिलेलं. वळले तर ती दारात, मूठ छातीकडे ओढलेली.

"दुखतंय का गं?"

"मी नाही मम्मी, तू," ती म्हणाली, आणि मग तिच्या शाळेतल्या गुजरातीत, "थोडी वार बेस."

मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसले. तीही शेजारी येऊन टेकली. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची राहिली.

हा कागद कुठं पाठवणार, पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. मी फार थकलेय, अप्पा. एकदा तुमच्यासारखं मोठ्यानं सांगायचं होतं कुणाला तरी. पण पोरीला आत्ता कुठं झोप लागलीय.