उजव्या हाताला रेशीम

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा जोडताना ठणकतो, तरी जोडलाय). तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींनी गोड खाणं सोडलं का, की अजून तुझी पाठ वळली की डबा उघडतात? इकडे शिलाईचं दुकान बरं चाललंय, मी मात्र बरा नाही.

माझ्या दोन्ही हातांवरच्या चरबीच्या गाठी तुझ्या लेकीने काढल्या, हे तुला माहीत आहेच. कापाकापी झकास झाली. मी ऐटीत पडून होतो (घाबरलो होतो, पण ऐटीत). डावा हात तिने नायलॉनने शिवला आणि माझ्यातला शिंपी जागा झाला. अगं, नायलॉन आम्ही पिशव्यांना लावतो! म्हटलं, उजवा माझा कात्रीचा हात, त्याला रेशीमच हवं. ती बिचारी समजावत होती, की रेशमाचा दोरा अनेक तंतू विणून केलेला, कातडीला तो परका वाटतो, ती लाल होते, चिडते. नायलॉन एकतंतू, गुळगुळीत, कातडी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण मी लग्नाचे पोशाख शिवणारा माणूस, ऐकतोय कसला! हात काखेत दाबून बसलो. शेवटी नर्ससमोर शोभा नको म्हणून ती म्हणाली, "बरं मामा, तुमचा हात, तुमचा दोरा."

डावा हात निमूट भरून आला. उजवा लालबुंद, सुजलेला, टाक्याटाक्याला पुवाचा ठिपका. इथे तरी मी गप्प बसावं की नाही? पण माझ्या जिभेला हाड नाही. दुकानात येईल त्याला उजवी बाही वर करून दाखवत सुटलो, की भाचीचा हात कच्चा आहे, टाके फार ओढते. डावी बाही खालीच. रेशमाचं तर नावसुद्धा काढलं नाही. आमच्या गिऱ्हाईक मास्तरीणबाई तिच्याकडे पाठीवरची गाठ काढून घेणार होत्या, त्या घाबरून दुसरीकडे गेल्या आणि का गेल्या तेही तिला सांगून गेल्या. दवाखाना नवा, आता तर ओस पडत चाललाय म्हणे. माझा फोन ती उचलत नाही. ताई, मला फार वाईट वाटतंय गं. पोरीने माझा हट्ट पुरवला आणि मी तिचंच नाव घालवलं.

काल दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही हात पाहून ते म्हणाले, शिवणारा हात एकच आहे आणि चांगला आहे, फरक दोऱ्याचा. लगेच टाके काढायला निघाले. मी बाही ओढून पळालो. काढेल तर तीच.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. तिला म्हणावं, मामाचे टाके काढ. रागाने काढलेस तरी चालेल.

दुसरा ता. क. राहू दे, काही म्हणू नकोस. तुझ्या शब्दाखातर तिने काढले, तर मला जास्तच लाज वाटेल. हे पत्र पेटीत टाकून मी थेट तिच्या दवाखान्यात जातोय. बाहेरच्या बाकावर दोन्ही बाह्या वर करून बसणार आणि येईल त्याला सांगणार, हा डावा डॉक्टरांच्या अकलेने शिवलाय, हा उजवा माझ्या. ती आत बोलावेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवलंय. तू तिची आई, तुला ठाऊक असेल. बोलावेल ना गं?