पौर्णिमेची गाडी, प्रतिपदेचे इंजिन

मी, विरुपाक्ष नागनाथअप्पा तोडकरी, वय वर्षे शहात्तर, राहणार नेकनूर, तालुका व जिल्हा बीड, धंदा पूर्वी आडत, हल्ली गाडीखाली पडून असणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली नव्हे तर आपखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी तारीख विचारली, मुलांची नावे विचारली, मी बरोबर सांगितली. गाडीबद्दल काही विचारले नाही, म्हणून दाखला मिळाला.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी गाडीपाशी येऊन अडली होती.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नी गंगासागर हिचे. ती हयात असेपर्यंत "आई, आता पुण्याला चल" असे तिला कोणी म्हणू नये. तिच्यानंतर घर व बँकेतील ठेवी मुलगा वीरेश आणि मुलगी ईश्वरी यांना समान.

कलम २. आडतीचा गाळा वीरेशला. गाडी त्याला देण्याचे एका मृत्युपत्रात लिहिले होते, पण गाडीला फुगे बांधून लग्नांत भाड्याने फिरवायचा बेत त्याने माझ्यासमोरच बोलून दाखवला. मुलगा गुणी आहे. फुग्यांचे तेवढे बघावे.

कलम ३. वडिलांची हत्यारे, म्हणजे पाने, जॅक आणि हँडल, ईश्वरीला. लहानपणी ती बॅटरी धरून उभी राही आणि मी हात पुढे केला की न मागता नेमका पाना हातात येई. गाडीही तिलाच द्यावी असे वाटते. पण गाडी देता येते की नाही, इथेच माझे डोके चालेनासे होते. म्हणून पुढील कलम सविस्तर लिहितो.

कलम ४. गाडीचे वर्णन. मॉरिस, सन १९३८. निजामाच्या अमलातला एक अंमलदार हैदराबादला कायमचा निघाला, तेव्हा वडिलांनी ती त्याच्याकडून घेतली. आर.सी. बुकावर आजही वडिलांचेच नाव आहे. वडील गेल्यावर वाटणी झाली. दुकान, शेत, भांडी, सगळ्याचे हिस्से पडले. गाडीला दोन तुकडे कसे करणार? पंच सुंदरराव म्हणाले, "हिरीच्या पाण्याची पाळी असतीया, तशी गाडीची लावा." शुद्ध पंधरवडा माझा, वद्य पंधरवडा धाकटा भाऊ बसवेश्वर याचा. त्यावेळी सगळ्यांना हे लई शहाणपणाचे वाटले.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची यात्रा. पाळी माझी. दोन्ही घरची माणसे गाडीत कोंबून मी निघालो. मन्मथस्वामींचे दर्शन झाले, परतताना चढावर डायनॅमो जळाला आणि गाडी बसली. अंधार पडला. माणसे मिळेल त्या बैलगाडीने, ट्रॅक्टरने गेली, मी गाडीजवळ राहिलो. सकाळी बसवेश्वर दोर घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, उतरा. आज प्रतिपदा हाय, पाळी माझी."

आता प्रश्न असा की दुरुस्ती कोणाची? मी म्हणालो, गाडी तुझ्या पाळीत उभी आहे. तो म्हणाला, बिघडली तुमच्या पाळीत. त्यावरून दोन घरे बोलायची थांबली. प्रकरण परत सुंदररावांकडे गेले. त्यांनी पान लावले, खाल्ले आणि निकाल दिला की बॉनेटखालचे सगळे बसवेश्वरचे, बाकीचे सगळे माझे. आम्ही दोघांनी मान डोलावली. आमच्या मनात एकच होते, की दुसऱ्याला अख्खी गाडी मिळू नये.

बसवेश्वरने इंजिन काढून लिंबागणेशला, त्याच्या घरी नेले आणि ओसरीत लाकडी घोडीवर मांडले. त्यावर शाल पांघरलेली असते. दर दसऱ्याला तो त्याला विभूती लावतो, असे ऐकून होतो. मी हैदराबादच्या भंगारातून त्याच जातीचे दुसरे इंजिन आणून बसवले. ते दम्याच्या माणसासारखे चाले. पुढे गाडीचे लाकूड कुजले ते सुताराकडून नवे सागवानी करून घेतले. पत्रा गेला, तो बदलला. सीटा, वायरिंग, काचा, एकेक करून सगळे गेले आणि आले. वीरेश विचारतो, "बाबा, मग आजोबांचं यात राहिलं काय?" मी त्याला रागावतो आणि परत गाडीखाली शिरतो.

इंजिनाचे मात्र नवल होते. काही मोडले की बीडचा मिस्त्री अजिनाथ थोड्या दिवसांनी नेमका तोच भाग घेऊन येई. कार्ब्युरेटर आणला, पाण्याचा पंप आणला, मागच्या वर्षी नव्याने तार गुंडाळलेला डायनॅमो आणला. मी विचारले की म्हणे, "गावला कुठंतरी." इंजिन सुधारत गेले. माझे हात चांगले आहेत असे मी चारचौघांत सांगत होतो.

या श्रावणात गंगासागर बसवेश्वरच्या नातवाच्या बारशाला गेली. बायकांचे जाणेयेणे कधी तुटले नव्हते, तुटलो होतो ते आम्हीच. परत आल्यावर चप्पल न काढताच म्हणाली, "अवं, पोरांनी ती शाल वढली. खाली काईच न्हाई! इंजिनाचं नुसतं रिकामं खोकं हाय."

मी अजिनाथला बोलावून घेतले. तो खाली बघून म्हणाला, "काका, भंगारात असा माल गावतो का, तुमीच सांगा. धाकलं काका एकेक काढून देत गेलं. सांगू नको म्हनलं."

"कावून दिलं पण?"

"ते त्यांनाच इचारा."

कलम ५. गाडीची विल्हेवाट. वकील वनमालाबाई म्हणतात, माणसाला फक्त स्वतःच्या मालकीची वस्तू मृत्युपत्राने देता येते. आता माझे काय आहे? बुकावरचा चेसिस नंबर माझ्या शेडमध्ये आहे. बुकावरचा इंजिन नंबर लिंबागणेशला रिकाम्या खोक्यावर आहे. त्या खोक्याच्या पोटातले सामान माझ्या बॉनेटखाली आहे. वाटणीप्रमाणे ते त्याचे. त्याने दिले म्हणून माझे? की ठेवायला दिले? माझ्यावर उपकार चढवायला दिले, की गाडी चालावी म्हणून? मी पुष्कळ विचार केला. दुपारी एक उत्तर येते, चहा झाला की दुसरे.

सबब, गाडी बसवेश्वरला द्यावी. (हे वाक्य मी दोनदा खोडले होते, आता राहू द्यावे.) त्याच्या खोक्यात सगळे परत बसवावे आणि गाडी एकदा पुरी व्हावी. मला त्याची फार आठवण येते. वनमालाबाईंनी हे वाक्य कायद्याचे नाही म्हणून काढायला सांगितले. काढणार नाही.

कलम ६. हॉर्न. गाडीचा रबरी भोंग्याचा हॉर्न वेगळा काढून पंच सुंदररावांना द्यावा. ते नव्वदीच्या घरात आहेत आणि त्यांना काही ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हते.

कलम ७. साक्षीदार. पहिला अजिनाथ. तो साक्षीदार असल्याने त्याला काही देत नाही, आणि इतकी वर्षे तोंड बंद ठेवले म्हणूनही देत नाही. दुसरी जागा बसवेश्वरसाठी मोकळी ठेवली आहे. वकीलबाईंनी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये, पुढे तकरार होते. म्हणजे तो सहीला आला तर गाडी त्याला देता येत नाही, आणि गाडी द्यायची तर तो यायला नको. हा पेच मला कळतो. तरी जागा त्याचीच ठेवावी. साक्षीदाराला माझ्या डोळ्यांदेखत सही करावी लागते असा कायदा आहे. चांगला कायदा आहे. अजिनाथबरोबर निरोप पाठवला आहे.

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून पाहिले. जितके समजले तितके बरोबर आहे.

ठिकाण: नेकनूर
तारीख: ६ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य प्रतिपदा

सही: विरुपाक्ष नागनाथअप्पा तोडकरी

साक्षीदार १: अजिनाथ मिस्त्री, बीड

साक्षीदार २: बसवेश्वर नागनाथअप्पा तोडकरी, लिंबागणेश. साक्षीदार म्हणून सही केली हाय, तवा मला गाडी नको असं समजावं. येताना शेडात डोकावलो. अण्णा, डायनॅमोची तार उलटी लावली हाय तुमी. त्या पौर्णिमेलाबी अशीच उलटी लागलती. कुणी लावलती ते इचारू नका.

वरील शेरा मी वाचला. कलम ५ आता कायम की रद्द, हे मला सांगता येत नाही. बसवेश्वर गाडीखाली शिरला आहे आणि हात बाहेर काढून पाना मागतो आहे. मृत्युपत्र इथेच थांबवतो. आज प्रतिपदा आहे, पाळी त्याची आहे.