लिलीचा वाफा

४ मार्च
ठमीने सकाळपासून चारदा ओकलं. पलंगाखाली अंग चोरून बसलीये, हाक मारली तरी कान हलवत नाही. नऊ वर्षांत असं कधी केलं नाही या मांजरीने.

संध्याकाळी — डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न : "घरात, बागेत कुठे लिली आहे?" घरात? दिवसभर दुकानात गुच्छ बांधून जीव नकोसा होतो, घरी एक पाकळी आणत नाही मी! पण तळमजल्यावरच्या काकूंच्या बागेत अख्खा वाफा आहे. आणि ठमी रोज तिथेच लोळते. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी — काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात म्हणे. सलाईन लावून ठेवून घेतलंय. वाचेल का, सांगता येत नाही म्हणाल्या.

अकरा वर्षं लिली विकतेय. मला एका शब्दाने कुणी सांगू नये? रोपाच्या पिशवीवर 'उन्हात ठेवा' बरं लिहिता येतं!

५ मार्च
काकूंना नको नको ते बोलून आले. "अगं, मला काय ठाऊक? आमच्या ह्यांनी लावलेली, शेवटच्या वर्षी." मी म्हटलं, मग त्यांच्या आठवणीपायी माझी मांजर मारा! काकूंचा चेहरा उतरला. उतरू दे.

६ मार्च
अजून लघवी नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकांवर खेकसले.

७ मार्च
काकूंनी वाफा उपटला. कंबरेवर हात ठेवत, थांबत थांबत, एकटीनेच. खिडकीतून बघत राहिले, खाली गेले नाही. सगळ्या कळ्याच होत्या, एकही उमललेली नव्हती. बरं झालं, वेळेत गेल्या!

८ मार्च
ठमी वाचली! लघवी झाली, दोन घास खाल्लेसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणलीत तेव्हा मिशा परागाने पिवळ्याधमक होत्या. उमललेलं फूल सापडलं असणार तिला कुठेतरी."

उमललेलं?

९ मार्च
गुच्छ बांधण्याआधी लिलीचे पराग आम्ही खुडून टाकतो, गिऱ्हाइकाच्या कपड्यांना डाग नकोत म्हणून. पिवळी बोटं अ‍ॅप्रनला पुसतो. तो अ‍ॅप्रन मी घरी आणून खुर्चीवर फेकते आणि ठमी त्यावरच झोपते. मीच! मीच मूर्ख!

आत्ता जिन्यात काकू भेटल्या. "वाचली ना गं? मग झालं तर." मी 'हो' म्हणाले. एवढंच म्हणाले.