मित्रकोळी वाचवण्यासाठी दुसरा अर्ज

दि. ९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. फवारणी अधिकारी,
सामुदायिक फळबाग फवारणी कक्ष,
लिंबटाकळी मंडळ, जि. परभणी.

विषय : शुक्रवारच्या फवारणीतून मोसंबीची चाळीस झाडे वगळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २६ ऑगस्टचा अर्ज, सोबत पान एक.
२) त्यावरील आपला अभिप्राय : ‘नमुन्यात जिवंत मित्रकोळी आढळले नाहीत.’

महोदय,

१. अर्जदार बायनाबाई चंद्रभान गिराम यांची लिंबटाकळी शिवारात मोसंबीची बाग आहे. दोन वर्षे कोळी या बारीक किडीने पानाफळांचा रस शोषला व फळांवर मंगूचे तपकिरी चट्टे पडले. औषध मारावे तसे कोळी वाढत गेले, कारण त्यांना खाणारे मित्रकोळी औषधाने आधी मरत. यंदा अर्जदारांनी पंप खुंटीला टांगला. मित्रकोळी परतले असून फळ स्वच्छ आहे.

२. दोघांतला फरक भिंगातून दिसतो. रस शोषणारा एका जागी बसून खातो; मित्रकोळी फिकट, चकचकीत असून सारखा पळतो. साक्षीदार म्हणून शेजारी दत्तराव यांना भिंग दिले असता ते म्हणाले, “वहिनी, पळायलाय त्यो आपला, अन् बसून खायलाय त्यो सरकारी का?” सदर विधानाशी अर्जदारांचा संबंध नाही.

३. पहिल्या अर्जाला पुरावा म्हणून मित्रकोळी असलेले पान टाचले होते. आवक लिपिक बन्सीधर यांनी अर्जावर शिक्का मारला व नंतर पानावर. अर्जदारांनी हात आडवा घातला असता, “मावशी, सहपत्रावर बी शिक्का लागतो, न्हाईतर कागद आत जात न्हाई,” असे उत्तर मिळाले. ओल्या पानावर शाई उमटेना, म्हणून शिक्का तीन वेळा मारण्यात आला. पुढे त्याच पानाची तपासणी झाली. आपला अभिप्राय खरा आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

४. शुक्रवारी औषध पडल्यास मित्रकोळी जातील व तोडणीआधी मंगू परत येईल. अर्जदारांचे पती चंद्रभान हे फवारणीच्या ट्रॅक्टरपुढे बसणार आहेत. त्यांचे गुडघे धरलेले असल्याने एकदा बसल्यावर त्यांना उठवायला चार माणसे लागतात, याची कक्षाने नोंद घ्यावी.

तरी चाळीस झाडे वगळावीत, किंवा शुक्रवारपूर्वी सोबतची काडेपेटी आपण स्वतः उघडून पाहावी, ही विनंती.

निर्णयाकडे डोळे लावून असलेली,
आपली नम्र,
बायनाबाई चंद्रभान गिराम

सहपत्रे :
१) भिंग एक. नात पिंकीचे आहे, परत मिळावे.
२) काडेपेटी एक. आत पान व अकरा मित्रकोळी, सर्व जिवंत.
३) कोरा कागद एक. काडेपेटीचा शिक्का यावर, हवा तितक्या वेळा मारावा.