दुनाळीची चावी

८ जून २०२४

बंदूक परत आली. आली एकदाची!

इलेक्शनसाठी मार्चमध्ये कोतवालीत, पोलिसांकडे जमा केली होती – सगळ्याच लायसन्सवाल्यांना करावी लागते. अडीच महिने घर कसं मोकळं होतं. मामाजींच्या पलंगाखाली झाडू नीट फिरत होता. आज मामाजी सकाळपासून लाइनमध्ये उभे. शहात्तर वर्षांचे सासरे माझे, डोक्यावर दुपट्टा, घामानं चिंब. पण चेहरा असा, जशी लेक माहेरी येऊन राह्यली! रिक्षात मांडीवर धरून आणली. मग अंगणात खाट टाकून दोन तास तेल, चिंध्या आणि नळीत गज. उकव्याच्या खाणीत तीस वर्षं पहारा केला, तेव्हाची ही दुनाळी. सासूबाईंच्या फोटोले कधी इतकं पुसलं नाही.

आणि जागा पुन्हा तीच – पलंगाखालची पेटी. काडतुसं त्याच पेटीत, बिस्किटाच्या डब्यात. पेटीची चावी कंबरेच्या करदोड्याले. अंघोळीलेही सोडत नाहीत.

मी म्हटलं, मामाजी, कोतवालीतच राहू द्यायची होती न.

"काहून? माही बंदूक, माह्या घरी राहीन."

झालं. या घरात सुनेचं कोणी ऐकलं आहे कधी!

१२ जून

मामाजींनी आज श्रुतिकाले "गोदा" म्हणून हाक मारली. गोदाबाई म्हणजे माझी सासू. जाऊन नऊ वर्षं झाली. श्रुतिका खिदळली – तेरा वर्षांची पोरगी, तिले सगळ्याचंच हसू येते. मले नाही आलं. मागच्या आठवड्यात मामाजी गॅसवर दूध ठेवून विसरले. त्याआधी बस स्टँडवरून घरी येता येता रस्ताच चुकले, ह्यांना आपलं टायरचं दुकान सोडून धावत जावं लागलं.

आणि अशा माणसाच्या कंबरेले चावी!

ह्यांना सांगितलं. नवलच – ऐकून घेतलं! म्हणाले, "बाबांचं वय झालं. सत्तरच्या वर गेलं की लायसन्स वारसाच्या नावानं करता येते. मी दोन वर्षांपासून फॉर्म आणून ठेवला आहे. सहीच करत नाहीत."

बरोबर आहे ह्यांचं. तापट आहेत, मान्य. मागच्या महिन्यात मिक्सर आपटला, कारण काय तर चटणीत मीठ जास्त. हात एकदाच उचलला, त्याले पाच वर्षं झाली. पण डोकं ठिकाणावर आहे. मामाजींचं नाही.

१६ जून

आजचं लिहूनच ठेवते.

दुपारी मामाजी झोपलेले. पेटी उघडी – कुलूप लावायचं विसरले असतील. मी वाळवण आणायले गच्चीवर गेले, खाली आले तर मधल्या खोलीत श्रुतिका आणि तिची मैत्रीण समीक्षा. श्रुतिकाच्या खांद्यावर बंदूक, समोर समीक्षा हात वर करून उभी, मोबाइल खिडकीत टेकवलेला. रील करून राह्यल्या होत्या!

"मम्मी, खाली थी! देख के ही उठाई!"

रिकामी आहे हे कसं पाहिलं, विचारलं. नळीत डोळा लावून, म्हणे.

दोन थापडा दिल्या. सांजीले ह्यांनी बंदूक मधून दुमडून नळ्या पाहिल्या.

एका नळीत काडतूस होतं.

१८ जून

शाळा सुरू झाली. दुसरीच्या वर्गाले शिकवताना मी फळ्यावर सातचा पाढा चुकले. पोरांनीच सांगितलं.

२० जून

कोतवालीत गेले. एकटी. तिथल्या मुन्शीले, कारकुनाले विचारलं, भाऊ, घरात बंदूक ठेवायची कशी? आधी हसला. बहुतेक अशी बाई आली नसेल. मग नीट सांगितलं. बंदूक कायम रिकामी पाहिजे, दोन्ही नळ्या रोज पाहायच्या, हातात घेतली की पहिल्यांदा तेच. लोखंडी कपाट, भिंतीत बोल्ट मारलेलं – असं नको की कोणी उचलून नेईल. काडतुसं त्यात नाही, दुसरीकडे, वेगळ्या कुलपात. कुठे आहे ते पाहुण्यांना, पोरांना दाखवायचं नाही.

"और चाबी उसी के पास, जिसके नाम लाइसेंस है। बेटा हो, बीवी हो, किसी को नहीं। समझीं मैडम?"

मी म्हटलं, ते विसरतात.

"तो यहाँ जमा करा दो।"

घरी येऊन मामाजींना विचारलं. नाही! ह्यांना विचारलं. म्हणाले, "घरची वस्तू पोलिसांत कायले सडू द्यायची?" बापलेकाचं कशातच पटत नाही, यात मात्र दोघं एका सुरात.

२५ जून

प्रेमलाल वेल्डरकडून कपाट आणलं. माझ्या पगारातून. ह्यांनी स्वतः ड्रिल मारून भिंतीत बसवलं, वर एक लहान पेटी वेगळी, काडतुसांची. मी म्हणते तसंच सगळं! चौदा वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं एवढं कधीच ऐकलं नव्हतं. मले तर रडू आलं.

मामाजी खुर्चीवर बसून पाहत होते. काम झाल्यावर उठले, बंदूक आत ठेवली, काडतुसं वर ठेवली, दोन्ही कुलपं लावली. दोन्ही चाव्या करदोड्याले बांधल्या. आणि जेवायले बसले!

म्हणजे मी हजारो रुपये कशावर लावले? कपाळावर!

२८ जून

आज मी एक काम केलं. चांगलं की वाईट, माहीत नाही. चांगलंच म्हणायचं.

बँकेचे केवायसीचे कागद भरायचे होते मामाजींचे. त्यात ह्यांनी तो फॉर्म ठेवला. म्हणाले, "माझ्या हातून घेणार नाहीत, तू समोर धर." धरला. मामाजींनी चष्मा शोधला, मिळाला नाही. म्हणाले, "तू वाचली न, रचना? मंग झालं." आणि केल्या चारही सह्या, सावकाश, एकेक अक्षर.

चष्मा माझ्या पदराखाली होता.

श्रुतिकासाठी केलं. त्या नळीसाठी. कोणत्या आईनं केलं नसतं?

६ जुलै

मामाजींना ताप चढला, दवाखान्यात भरती. पोटाची सोनोग्राफी करताना करदोडा कापावा लागला – भिजून आवळला होता. नर्सनं दोन चाव्या कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. मामाजी गुंगीत होते, तरी हात कंबरेवर चाचपडत होता.

तासभर पुडी माझ्या पर्समध्ये होती. मग हे डबा घेऊन आले, त्यांना देऊन टाकली. सुटले बाप्पा!

आज खूप दिवसांनी गाढ झोपीन.

१४ जुलै

मामाजी घरी आले. अशक्तपणा आहे, बोलत नाहीत फारसं.

हे मात्र खुशीत. सकाळ-सांज कपाट उघडतात. मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ पाहतात. मी म्हटलं, रोज काहून काढता? "पावसाळा आहे. गंज चढते." फॉर्म पुढं गेला म्हणे, ओळख आहे, लवकरच होईल.

१८ जुलै

हेडसरांचा फोन आला, उद्याच्या परिपाठासाठी. तीन मिनिटं बोलले असेन. फोन ठेवला तर हे मधल्या खोलीत खाटेवर. मांडीवर बंदूक, हातात तेलाची चिंधी.

"कोण होता?"

सांगितलं.

"शाळा तर चारले सुटली न? मग सात वाजता कायचा सर?"

चिंधी फिरत राहिली. आवाज चढला नाही. मिक्सर आपटला तेव्हा ओरडले होते, आज ओरडलेही नाहीत. त्याचंच भेव वाटलं मले. श्रुतिका अभ्यास करत होती, तिनं मान वर केली नाही. पोरगी मान वर करत नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

१९ जुलै

हे दुकानात गेल्यावर मामाजींनी बोलावलं. अंगणात खाटेवर बसून होते. कंबर चाचपून म्हणाले, "चावी कुठी हाय?"

ह्यांच्यापाशी, म्हटलं.

मले खाटेवर बसवलं. मग म्हणाले – नाव चुकलं नाही, वर्ष चुकलं नाही – "रचना, पाच वर्षं झाले. त्यानं तुले मारलं अन् तू तुळसाबाईच्या घरी जाऊन झोपली, आठवते?"

आठवते. शेजारच्या तुळसाबाई. गालावर हळद लावून दिली होती त्यांनी.

"त्या सांजीले तो माह्यापाशी आलता. पेटीची चावी दे म्हने. मी म्हनलं कायले? म्हने, तिले आज दाखवतोच. मी म्हनलं, हरपली. त्यानं गादी फाडली, डबे उलटे केले, माहे खिसे पाह्यले. चावी माह्या तोंडात होती. तवापासून कंबरेले बांधली, बाई. अन् आता समजलं न, मी सही काहून नाई करत त्या कागदावर?"

सही तुम्ही केली आहे मामाजी. मी करून घेतली. चष्मा लपवून. जिभेवर आलं, बाहेर नाही आलं.

उलट त्यांच्यावरच ओरडले. पाच वर्षं! एका शब्दानं सांगता नाही आलं मले?

"लेक हाय माहा. सुनेले कसं सांगू?"

वा रे वा! लेकाची लाज झाकायची, आणि सुनेनं मरायच्या वाटेवर निवांत स्वयंपाक करायचा! आणि मी? मी काय कमी? म्हाताऱ्याचं डोकं गेलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं म्हणत सगळ्या वार्डात सांगत फिरले. बोल्ट मारून, कपाट लावून, कागद करून, चावी नेमकी त्याच हातात नेऊन दिली. माझ्या पगारातून!

२० जुलै

वांग्याची भाजी केली, ह्यांच्या आवडीची. छान झाली म्हणाले. मी हसले.

२३ जुलै

ह्यांनी कपाटाच्या चाव्या मोटारसायकलच्या छल्ल्यात लावल्या आहेत. छल्ला रात्री उशीखाली.

२६ जुलै

अर्धी सुटी टाकली. मामाजींना रिक्षात घालून कोतवालीत नेलं. वाटेत सही कशी झाली तेही सांगून टाकलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठरलं होतं – मामाजी सांगतील, अर्ज परत घेतो, बंदूक इथंच जमा करतो. मालक तेच आहेत, त्यांचं ऐकावंच लागेल.

मुन्शीनं खुर्ची दिली. "बोलिए बाबा, किस बात की अर्जी है?"

मामाजींनी चौफेर पाहिलं. मग माझ्याकडे.

"गोदा, आपन कुठी आलो वो?"

मी चार वेळा आठवण करून दिली. पाचव्यांदा त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा थांबले. मुन्शी भला माणूस. म्हणाला, "मैडम, आप ही लिख के दे दो।" कागद दिला, पेन दिला. मी माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढं 'माझे पती' एवढं लिहून बसून राहिले. काय लिहू? मिक्सर? चिंधी? एक थापड, पाच वर्षांआधीची? माहेरी गोंदियाले आई एका खोलीत राहते, भाऊ-भावजय दुसऱ्या खोलीत. तिथं कोणत्या तोंडानं जाऊ? कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"जाँच के लिए घर पे आदमी आएगा," मुन्शी म्हणाला. "तब बता देना।"

ह्यांच्यासमोर! हौ, सांगीन न. एवढी हिंमत असती तर इथंच लिहिलं नसतं का? भित्री, भित्री, भित्री.

३० जुलै

श्रुतिकानं विचारलं, "मम्मी, पापा वो अलमारी के सामने ही क्यों बैठे रहते हैं?"

अभ्यास कर, म्हटलं.

२ ऑगस्ट

लायसन्सच्या चौकशीले जाँचवाला शिपाई आला. हे त्याच्या बाजूले सोफ्यावर, गोड गोड बोलून राह्यले होते. चहा मीच आणला. श्रुतिका दारात उभी. शिपायानं ह्यांचे रकाने भरले – नाव, वय, धंदा, कोणती केस नाही. मग पेन वर करून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, बंदूक महेंद्र जी के नाम होने में घर में किसी को कोई आपत्ति?"

"नहीं, नहीं," हे म्हणाले.

"हरकत आहे," मी म्हटलं. "मले आहे. लिहा."